आवाज टिपून ठेवणाऱ्यांचा व्यवसाय

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एक गृहस्थ शाळेच्या कचेरीत आम्हांस भेटावयास आले. गांधीबागेत त्यांचे कापडाचे ठोक दुकान आहे, आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे दहावीच्या वर्गात शिकतो. मुलगा अभ्यासात मध्यम, वर्तनाने चांगला. वडिलांची तक्रार अशी नव्हतीच. त्यांस एक प्रश्न विचारावयाचा होता. ते म्हणाले, "सर, पोरगा म्हणतो, दुकानाच्या वरच्या खोलीत मी आवाज भरण्याचा स्टुडिओ काढीन. खोली मी देईनही. पण असले दुकान चालते का? आणि हे काम म्हणजे नेमके काय, हे तरी मला कोणी सांगेल का?"

आम्ही गणित व पदार्थविज्ञान शिकवितो; गाणे आम्हांस प्रार्थनेपुरतेच येते. तेव्हा त्या दिवशी आम्ही त्यांस उत्तर दिले नाही, पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या पंधरा दिवसांत जे वाचले, ज्यांना विचारले, आणि त्या खोलीत स्वतः जाऊन जे ऐकले, ते येथे लिहीत आहो. असाच प्रश्न पडलेले दुसरेही पालक असतील अशी आमची समजूत आहे.

आधी त्या मुलाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते घरातून केव्हाच गेले होते, पण ओव्या राहिल्या होत्या. मागील उन्हाळ्यात त्याने आजीला त्याच वरच्या खोलीत बसवून तासभर गाऊन घेतले आणि ते सर्व टिपून ठेवले. श्रावणात आजी वारली. नंतर त्याने ते पुन्हा ऐकले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की खोलीतला पंखा बंद करावयास आपण विसरलो होतो. प्रत्येक ओवीच्या मागे त्या पंख्याची घरघर आहे. "सर, तेव्हा ती मला ऐकूच आली नाही हो," असे तो आम्हांस म्हणाला. आमच्या मते या धंद्याचा पहिला धडा त्या मुलाला तेथेच मिळाला. आपला कान नको तो आवाज आपोआप बाजूस सारितो, यंत्र तसे करीत नाही. ध्वनिमुद्रकास यंत्राप्रमाणे ऐकावयास शिकावे लागते, आणि ते पुष्कळ वर्षांनी साधते.

ध्वनिमुद्रणाची कला हिंदुस्थानात प्रथम फिरस्त्यांच्या पेटाऱ्यांतून आली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग हे आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास उतरले आणि तेथील सुप्रसिद्ध गायिका गौहरजान यांचे गाणे त्यांनी मेणाच्या तबकडीवर कोरून घेतले. त्या काळी वीज या कामात नव्हती. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हाले, पडद्यास जोडलेली सुई मेणात रेघ काढी. तान वर गेली की मान मागे घ्यावयाची, आवाज खाली आला की पुढे सरकावयाचे. मेणाचे हे ठसे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथे त्यांच्या तबकड्या निघत. तेथील कारागिरास हे गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत, आणि ते नाव आजही त्या तबकड्यांच्या अखेरीस ऐकू येते. पुढे १९०८ साली तबकड्यांचा कारखाना कलकत्त्यासच निघाला. त्या तबकड्यांत लाख हा एक महत्त्वाचा पदार्थ असे. जी लाख आपल्या मध्य प्रांताच्या रानांतही पळसाच्या व कुसुमाच्या झाडांवर किडे तयार करीत, तिच्यावर जगातील मोठमोठ्या गवयांचे आवाज उमटले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी पळस पाहताना आठवावयास हरकत नाही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा बसवावा, हा गवयांपुढे मोठाच पेच होता. काहींनी तो सोडविला. काही त्या वाटेस गेलेच नाहीत. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची वर्णने पुष्कळ आहेत, तबकडी मात्र एकही नाही. गायनाचार्य म्हणून ज्यांचे नाव महाराष्ट्र आदराने घेतो, ते कसे गात हे आता कोणालाही कळावयाचे नाही. उलट, अब्दुल करीम खाँ यांचे तसे झाले नाही. त्यांच्या आरंभीच्या तबकड्या कर्ण्याच्या काळातल्या व १९३० नंतरच्या तबकड्या विजेच्या मायक्रोफोनच्या काळातल्या आहेत. विजेने ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. मायक्रोफोन आल्यावर गवयास ओरडावे लागले नाही. श्वास, कुजबुज आणि तंबोऱ्याची जवारी हीही तबकडीवर उतरू लागली. खाँसाहेबांसारखा हळुवार आवाज ज्या स्वरूपात आपणांस मिळाला, त्याचे थोडे श्रेय त्या यंत्रामागे बसलेल्या आणि आज कोणास ठाऊक नसलेल्या माणसालाही आहे.

आता स्वतःचा स्टुडिओ असलेल्या ध्वनिमुद्रकाकडे वळू. वडिलांचा मुख्य प्रश्न तोच होता, आणि सुदैवाने त्याची दोन उत्तम उदाहरणे आपल्याच इलाख्यातील आहेत.

पहिले अर्देशिर इराणी यांचे. हिंदुस्थानातील पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांनी काढला आणि तो १९३१ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. यंत्राबरोबर अमेरिकेहून डेमिंग नावाचा एक तज्ज्ञ आला होता आणि तो दिवसाला शंभर रुपये घेई. त्या काळचे शंभर रुपये म्हणजे काय हे वाचकांच्या आजोबांनी सांगावे! इराणी यांनी सुमारे महिनाभर त्याच्याजवळ राहून ते काम शिकून घेतले आणि पुढचे ध्वनिमुद्रण रुस्तम भरुचा यांच्या साहाय्याने स्वतः केले. स्टुडिओचा मालक स्वतःच कानाला यंत्र लावून बसला. पण याहून अधिक बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. गाड्यांची ये-जा थांबे ती रात्री एक ते चार या वेळात, म्हणून चित्रणाचे पुष्कळसे काम त्याच वेळी उरकावे लागे. नट झोपेने पेंगत, मालक जागा राही. या व्यवसायात कोणी शांतता फुकट देत नाही, ती मिळवावी लागते.

दुसरे उदाहरण विष्णुपंत दामले यांचे. पेण येथे १८९२ साली जन्मलेले हे गृहस्थ कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडदे रंगविण्यापासून छायालेखनापर्यंत सर्व कामे शिकले. १९२९ साली त्यांनी व्ही. शांताराम, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. मूकपटांचा काळ संपून बोलपट आला, तेव्हा पाचांपैकी ध्वनीची जबाबदारी दामले यांनी उचलली. त्यांनी या विषयाचे कोणत्याही विद्यालयात शिक्षण घेतलेले नव्हते. तसे विद्यालयच नव्हते. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट, आणि त्याचे ध्वनिमुद्रण दामले यांचे आहे. त्या काळी गाणे चित्रणाच्या वेळीच म्हणावे लागे. वाजविणारे पडद्याआड किंवा झाडाआड दडून बसत, आणि नट हलला तर त्याच्याबरोबर आवाजही हले. एवढ्या अडचणींत शब्द न् शब्द प्रेक्षकांस कळावा हे सोपे काम नव्हे. पुढे दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. त्या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांचे भजन ऐकताना मध्ये यंत्र आहे याची आठवणही होत नाही.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजू वडिलांपासून लपविणे आम्हांस बरे वाटले नाही. १९३३ साली पुण्यास नेलेली ती भव्य संस्था दामले यांच्या १९४५ मधील निधनानंतर फार वर्षे टिकली नाही. शांताराम १९४२ मध्येच बाहेर पडले होते. कर्ज, भागीदारांची फूट आणि बदलता काळ यांपुढे कीर्तीचे काही चालले नाही. त्याच जागेवर १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली, आणि ध्वनिमुद्रणाचा रीतसर अभ्यासक्रम आज तेथे शिकविला जातो. ऑस्कर मिळविणारे रसूल पुकुट्टी हे त्याच संस्थेचे विद्यार्थी.

आपल्या विदर्भातील एका गृहस्थांचे चरित्र येथे आठवते. खामगावचे जी. एन. जोशी हे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले. पण भावगीतांचे गायक म्हणून त्यांचे नाव आधी झाले आणि १९३८ साली ते मुंबईस ग्रामोफोन कंपनीच्या नोकरीत शिरले. ते यंत्र चालविणारे नव्हते. कोणास गावयास बोलवावे, काय गाववावे, कलावंत रुसला तर त्याची समजूत कशी घालावी, हे त्यांचे काम. आणि हे काम यंत्रापेक्षा सोपे आहे असे कोणी समजू नये. मोठी तबकडी आल्यावर एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले, आणि जुन्या तीन मिनिटांच्या बंदिवासातून गवई सुटले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी जोशी यांच्या देखरेखीखाली झाली. सर्वस्वी वाद्यसंगीताच्या त्या तबकडीने परदेशांतही हजारो श्रोते मिळविले. राजकमल स्टुडिओतील मंगेश देसाई यांचेही नाव घेतले पाहिजे. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे मिश्रण करण्यात त्यांचा असा लौकिक होता की, सत्यजित राय यांनी 'शतरंज के खिलाडी' या १९७७ सालच्या चित्रपटाचे ते काम त्यांच्याकडून करून घेतले.

इतके वाचून झाल्यावर एका रविवारी आम्ही गांधीबागेतील ती खोली पाहावयास गेलो. जिना चढून आत पाऊल टाकले आणि आमचाच आवाज आम्हांस निराळा वाटला. खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले होते. टाळी वाजविली तर ती जागच्या जागी मरे. आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरात हीच टाळी वाजविली, तर ती छताशी जाऊन परत आमच्याकडे येते. मुलाने आजीच्या ओव्या येथेच का टिपल्या, ते आमच्या ध्यानात आले. त्याला कारण सांगता येत नव्हते, पण त्याच्या कानाने खोली बरोबर निवडली होती.

कारण असे आहे. आवाज भिंतीवर आपटून पुन्हापुन्हा परत येतो, त्यास आपण घुमारा म्हणू. घुमारा फार झाला की एक शब्द संपण्यापूर्वी दुसरा त्यावर चढतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह असेच निकामी झाले होते. बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. १८९५ साली वॉलेस सेबाईन या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, त्या व्याख्यानगृहात पसराव्या, ऑर्गनची एक नळी वाजवावी, आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा, आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवाव्या! जितक्या गाद्या अधिक, तितका घुमारा कमी. गादीतील व कापडातील असंख्य बारीक छिद्रांत हवेची हालचाल अडखळते आणि आवाजाची शक्ती उष्णतेत जिरून जाते. या मोजमापांतून त्याने जो नियम काढला, त्याच्या आधारे आजही सभागृहे व स्टुडिओ बांधले जातात. सेबाईनच्या गाद्यांचे काम आमच्या या शेठजींचे तागे न सांगता करीत होते.

परंतु तेवढ्यात खालून हमालांची हातगाडी गेली, कोणा मोटारवाल्याने भोंगा वाजविला, आणि सेंट्रल अॅव्हेन्यूवरील वाहतुकीची एक अखंड गुरगुर त्या कापडातूनही आम्हांस ऐकू येत राहिली. येथेच पुष्कळजण फसतात. आतला घुमारा जिरविणे वेगळे आणि बाहेरचा आवाज अडविणे वेगळे. आवाज सेकंदास सुमारे ३४३ मीटर धावतो. सेकंदाला पाच हजार कंपने असलेल्या बारीक आवाजाची लहर जेमतेम सात सेंटिमीटर लांब, ती ताग्यांत सहज गुरफटते. पण मोठ्या गाडीच्या इंजिनाचा पन्नास कंपनांचा आवाज घ्या. त्याची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते, आणि तिला चार बोटांचे कापड म्हणजे काहीच नव्हे. ती अडवावयास वजन लागते: जाड भिंत, दोन भिंतींमध्ये मोकळी हवा, भारी दार, आणि दाराच्या चौकटीला रबराची पट्टी. आवाज पाण्यासारखा आहे. दाराखाली बोटभर फट राहिली की भिंतीवरचा सारा खर्च व्यर्थ जातो. अंड्यांची पुठ्ठ्याची ताटे भिंतीस चिकटवून स्टुडिओ होतो अशी एक समजूत मुलांत पसरली आहे. त्या ताटांनी थोडा बारीक घुमारा जिरतो, रस्ता मात्र जसाच्या तसा आत येतो.

हे मुलास समजावून सांगत असता त्याने मध्येच विचारले, "मग सर, वजन पाहिजे तर छत पेलेल का?" या प्रश्नाने आम्हांस फार बरे वाटले. घर जुने आहे. उत्तर आम्ही नव्हे, स्थापत्यतज्ज्ञाने द्यावयाचे आहे.

यंत्रांविषयी थोडक्यात लिहू, कारण ती झपाट्याने बदलतात. मेणानंतर चुंबकीय फीत आली. तिचा चुकलेला तुकडा पात्याने कापून दोन टोके चिकटविता येत. १९८२ पासून विकल्या जाऊ लागलेल्या लहान चकाकत्या तबकडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा त्याचे माप घेतलेले असते. आज एक चांगला संगणक, एकदोन मायक्रोफोन व कानावर लावावयाची साधने एवढ्यावर आरंभ होतो. पूर्वी जे काम मोठ्या कंपनीसच परवडे, ते एका माणसाच्या आवाक्यात आले आहे. वडिलांस यात आशा दिसली. आम्हांस धोकाही दिसला, तो असा की जे यंत्र सर्वांस परवडते त्याचे भाडे कोणी देत नाही. ज्या गायकाजवळ स्वतःचा मायक्रोफोन आहे, तो स्टुडिओत कशासाठी येईल? शांत खोलीसाठी, आणि दुसऱ्या माणसाच्या शिकलेल्या कानासाठी. यांपैकी एकही वस्तू बाजारातून विकत आणता येत नाही.

मिळकतीचे स्वरूपही कापडाच्या धंद्याहून निराळे आहे. स्टुडिओचे भाडे तासावर ठरते. भजनमंडळे, निवडणुकीतील व जाहिरातींतील गाणी, लघुपटांचे संवाद, वाचून टिपलेली पुस्तके अशी कामे येतात. काही महिने दाटी, काही महिने पूर्ण रिकामे. शेठजींनी विचारले की गाणे गाजले तर त्याचा वाटा मिळेल काय. सामान्यतः नाही. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, आणि तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. तासाचे पैसे घेणाऱ्यास तासाचेच पैसे मिळतात; निराळा करार आधी लिहून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. हे ऐकून शेठजी म्हणाले, "म्हणजे हा शिंपी झाला, कापड गिऱ्हाइकाचे, शिलाई याची." याहून नेमके वर्णन आम्हांस करता आले नसते.

शेवटी ठरले ते असे. मुलाने दहावी झाल्यावर विज्ञानशाखाच घ्यावी व पदार्थविज्ञान सोडू नये. पुण्याच्या संस्थेत प्रवेशास पदवी लागते, तेव्हा घाईचे कारण नाही. तोवर ताग्यांची खोली दुकान बंद असेल त्या दिवशी त्याच्या स्वाधीन राहील. भिंती पाडणे, कर्ज काढणे हे आता नाही. शेठजींनी एक अट स्वतः घातली: पहिल्या वर्षी जे टिपशील त्याच्या पैशांचा हिशेब वहीत दिसला पाहिजे, मग ते पाच रुपये का असेनात.

त्याप्रमाणे या वर्षीच्या आमच्या नाताळच्या गायनवृंदाचे ध्वनिमुद्रण त्यानेच केले आणि शाळेने त्याबद्दल त्यास पावती घेऊन पैसे दिले. आरंभ करण्यापूर्वी त्याने प्रार्थनामंदिरातील सर्व पंखे बंद करविले, कचेरीतील पाणी थंड करण्याचे यंत्रही थांबविले, आणि मुख्याध्यापकांस बूट काढून उभे राहण्याची विनंती केली. मुख्याध्यापकांनी ती मानली.

आजीच्या ओव्यांचे काय झाले, असे आम्ही त्यास मागील आठवड्यात विचारले. मागे राहिलेली घरघर पुसून काढणारी साधने आता संगणकात मिळतात, आणि त्याने ती वापरून पाहिली होती. पंखा बराचसा गेला, परंतु त्याबरोबर आजीच्या तोंडचे 'स' आणि 'श' बोथट झाले, आणि ओवी संपताना ती जो श्वास घेई तो नाहीसा झाला. तेव्हा पुसलेली प्रत त्याने काढून टाकली, आणि पंख्यासह असलेली मूळ प्रत तीन ठिकाणी जपून ठेवली आहे. त्यांपैकी एक शेठजींच्या तिजोरीत.